माझा हार, तिची मान

३ जून
पुढच्या मंगळवारपासून माझा दागिन्यांचा क्लास. वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला. टाकून दिलेल्या वस्तूंपासून दागिने शिकवणार. बायको म्हणाली, "तुम्ही कुठे शिकलात?" कलाकार शिकून होत नसतो, तो असतोच. तसं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

१० जून
आठ जणी. सगळ्या सामान्य. एक दातांची डॉक्टर आहे, तीही. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून झालं तर विचारते, "सर, कडा घासायच्या नाहीत? कानाला लागतील." कडा म्हणजे वस्तूचा मूळ स्वभाव, असं समजावलं. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रभाव पडला.

१६ जून
तांब्याची तार संपली. शोधली तर दाराच्या बेलमध्ये होती. संध्याकाळी मेव्हणी अर्धा तास बाहेर उभी. बायको म्हणाली, "टाकलेल्या वस्तू ना? बेल कोणी टाकली होती?" या घरात मटेरियलची समज शून्य.

१७ जून
पाच जणी. गर्दी घटली की दर्जा वाढतो. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातलं पॉलिशचं मशीन आणलं. जुन्या चमच्याची अंगठी इतकी गुळगुळीत केली की चमचा ओळखू येईना. मग टाकाऊपणा राहिला कुठे? तोंडावर बोललो. बाकीच्या मात्र तिलाच चिकटून.

२२ जून
येत्या रविवारी प्रदर्शन. निश्चय : एक महाहार. सायकलची चेन, झाकणं, कीबोर्डची बटणं. बायको घालणार. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं काही तिच्या अंगावर चढलेलं नाही. विचारलं तर लगेच हो म्हणाली. म्हणजे कधीची वाट पाहत असणार!

२८ जून
हार पूर्ण. भव्य. कडा घासाव्यात का? वेळ नाही. शिवाय तत्त्वाचा प्रश्न.

२९ जून
प्रदर्शन. बायको तासभर ताठ उभी, मान जराही हलवत नव्हती. मला वाटलं, अभिमान. मग ब्लाउजच्या गळ्याला रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी हार काढला, कापूस लावला. आधी का बोलली नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही इतके खूश होतात."
या गडबडीत कलेकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

१ जुलै
वाचनालयाच्या सेक्रेटरीचा फोन. क्लास आता डॉक्टरीणबाई घेणार. दात उपटणारी बाई कला शिकवणार! हसलो. बराच वेळ हसलो. बायकोने खोलीचं दार लोटून घेतलं.

८ जुलै
बायकोने तिकडे नाव घातलं. घरी आली ती कानात स्वतः केलेले डूल घालून. घासलेले, अर्थात. छान दिसतात का, तिने विचारलं. दिसत होते. मी चष्मा पुसला. म्हणाली, "एक जागा आहे, तुम्हीही चला ना." विचार करून कळवतो, म्हणालो. भाव खाल्ला पाहिजे.

९ जुलै
दिवसभर विचार केला. संध्याकाळी उपकार म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन केला.
जागा भरली. वेटिंगवर आहे.