सिलोनचं ऊन आणि विहिरीजवळचा वाफा

मलकापूर, तालुका कऱ्हाड
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६८

आमचे दाजी लालासाहेब यांच्या पायांशी धाकट्या मेव्हण्याचा, आकारामाचा, दंडवत. अक्कांची गुडघेदुखी कशी आहे? इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं तर मी अजून हबकलेलाच आहे.

दाजी, आपले सुभेदार दादा शिमगा झाला की सिलोनला जायचं म्हणतात. देवाला नव्हे, नोकरीला नव्हे, चेंडू मारायला. त्यांचा पलटणीतला कप्तानसाहेब तिथं समुद्राकाठी राहतो. त्यानं लोखंडी टोकाच्या दोन काठ्या आणि सहा पांढरे चेंडू धाडलेत. खेळाचं नाव गोल्फ. चेंडू फर्लांगभर लांब मारायचा, मागोमाग चालत जायचं आणि शेवटी एका भोकात ढकलायचा (चालतच जायचं तर चेंडू खिशात का नेत नाहीत, असं मी विचारलंसुद्धा). म्हटलं, इथंच खेळा. तर म्हणतात, "न्हाई आकाराम, तिकडचं ऊन लय झ्याक असतंय." मलकापूरच्या माणसानं उन्हासाठी समुद्र ओलांडायचा!

पण खरा धक्का पुढंच आहे. सरावासाठी मऊ हिरवळ लागते म्हणून दादांनी विहिरीजवळच्या वाफ्यात, मधोमध चेंडूसाठी भोक ठेवून, हरळी लावली. होय, हरळीच. जिच्या मुळ्यांमागं कुदळ घेऊन आपण जन्म काढला, ती आमच्या रानात उसाच्या आधी मोटेचं पाणी पीत होती. दादा रोज सकाळी कात्रीनं तिचे शेंडे कापायचे (स्वतःची दाढी आठ-आठ दिवस तशीच). तुमच्या बांधावर हरळी दिसली म्हणून मी भर पंगतीत तुमची चेष्टा केली होती, आठवतं ना? तोच मी, रस्त्यानं कोणी आलं की वाफ्यापुढं घोंगडं पसरून उभा राहू लागलो.

सोमवारी दादा परवान्याच्या कागदांसाठी साताऱ्याला गेले आणि इकडे भांगलणीला आलेल्या राहीबाईनं बायका लावून सगळी हरळी खणून काढली, वर ढीग पेटवून दिला. संध्याकाळी कौतुकानं सांगते, "आवं मालक, एक काडी ठिवली न्हाई. उंदरांची भोकं बी बुजवली." दादा आले. वाफ्याच्या मधोमध उभे राहिले, भोक होतं तिथं काठीचं टोक टेकवलं आणि घरात जाऊन काठ्या ट्रंकेत ठेवल्या. काल जेवताना म्हणाले, "इटलीत इस्पितळात सायेब अन् मी शेजारी हुतो. जगलो वाचलो तर उन्हात एक डाव खेळायचा, असं ठरलं हुतं. आता सरावाबिगर जाऊन त्येचा डाव कशाला नासवू? येत न्हाई म्हनून लिवतो." दाजी, तुमचं ते ऐकतात. ते पत्र टपालात पडायच्या आत येऊन त्यांची समजूत घाला.

तुमचा
आकाराम

ता. क. : अक्कांना हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा राहीबाईला बोल लावू देऊ नका. ती बिचारी मला विचारायला आली होती. काढून टाक, असं मीच सांगितलं.

आणखी ता. क. : येताना रिकाम्या हातानं येऊ नका. तुमच्या बांधावरची हरळी मुळासकट दोन पोती भरून आणा (आमचं सगळं रान पालथं घातलं, एक काडी सापडली नाही, माझीच करणी). भरदिवसा, गावातून आणलीत तरी चालेल. कोणी विचारलं तर आकारामानं मागवली म्हणून सांगा.