जोडून सुट्टी

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्षाचा संकल्प: ट्रिप. विजयश्रीला समुद्र दाखवतो, असं मी साखरपुड्यातच बोलून बसलो होतो. बीडच्या माणसाने असं बोलताना आधी अंतर बघायला हवं होतं. त्याला सोळा वर्षं झाली. या वर्षी दाखवणार म्हणजे दाखवणार.

बजेट मात्र कडक. उधळपट्टीची मला शिसारी येते. आमच्या चाकणच्या कंपनीतली अर्धी माणसं हप्त्यावर मनालीला जातात आणि परत येऊन कँटीनच्या भाजीला नावं ठेवतात.

माझ्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. आमची सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी समुद्रावर जाऊन एकमेकांच्या पायांवर उभं राहतं. आम्ही जाणार गुरुवारी. गर्दी नाही, रेट कमी. विजयश्रीला सांगितलं. ती भांडी घासत होती, ती घासत राहिली.

३ जानेवारी, शनिवार

मोबाईलवर हॉटेलं बघितली. किळस. पलंगावर टॉवेलची बदकं करून ठेवतात आणि त्या बदकांचे पैसे आपल्याकडून घेतात. एका ठिकाणी 'सी व्ह्यू' रूम. फोटो मोठा करून बघितला. दोन नारळांच्या मध्ये बोटभर समुद्र. रेट वाचून मोबाईल पालथा ठेवला. खाली कोणीतरी लिहिलंय, मालक फार प्रेमळ आहेत. त्याचेही लावले असणार.

आमची स्वरूपा आठवीत गेल्यापासून बापाला शिकवते. म्हणे, ऑनलाइन बुक करा, ऑफर असते. मी म्हटलं, ऑफर मूर्खांसाठी असते, मी फोनवर भाव करतो.

५ जानेवारी, सोमवार

केला. दापोलीकडे एक घरगुती सोय सापडली. मालकीणबाईंशी स्वतः बोललो. गुरुवार म्हटल्यावर बाईंनी लगेच रेट उतरवला. नाश्ता काढून टाका म्हटलं, अजून उतरला. गरम पाणी काढा म्हटलं. बाई म्हणाल्या, भाऊ, पाणी चुलीवर तापतं, ते असू दे.

२१ ला दुपारी निघायचं, रात्री मुक्काम, २२ ला गुरुवारी दिवसभर समुद्र आणि संध्याकाळी परत. ॲडव्हान्स भरला. परत मिळणार नाही अशी अट आहे. ती मी बाईंना फोनवर दोनदा वाचून दाखवली, म्हणजे त्यांना कळावं की समोर कच्चा माणूस नाही.

घरी येऊन जाहीर केलं. विजयश्री म्हणाली, गुरुवारी स्वरूपाला शाळा असते आणि मला पाळणाघर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण गुरुवारी इकडे कंपन्या बंद, गॅरेजं बंद, वेल्डिंगवाले बंद. शाळा कोणासाठी उघडी ठेवतात?

८ जानेवारी, गुरुवार

विजयश्रीची रजा मंजूर. स्वरूपा शाळा बुडवणार. पिंपळे सौदागरला ज्या पाळणाघरात ती कामाला जाते, तिथल्या मॅडमनी फार ताणून धरलं म्हणे. शेवटी संक्रांतीला दिवसभर थांबायचं कबूल केल्यावर मानल्या. म्हणजे घरचं हळदीकुंकू गेलं. मी म्हटलं, चला, वाणाचा खर्च वाचला. ती आतल्या खोलीत गेली.

गाडी वजीरची. संत तुकाराम नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे आणि तेही गुरुवारी बंद असतं. वजीर म्हणाला, गाडी न्या राव, पन स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई, मीच चालवनार. बरोबर त्याची बायको हीना आणि त्यांची मुलगीही येणार. डिझेल निम्मं-निम्मं. गाडीत गर्दी मला अजिबात सहन होत नाही. पण निम्मं सहन होतं.

११ जानेवारी, रविवार

कँटीनमध्ये विषय निघाला. २६ जानेवारी सोमवारी आलीय. एखादा गुरुवार कामावर यायचं आणि त्याच्या बदली २५ तारखेचा रविवार सुट्टी घ्यायची. रविवार-सोमवार जोडून! 'जोडून सुट्टी' एवढं म्हटलं की आमच्या कँटीनमध्ये मेलेली माणसं उठून बसतात. सगळ्यांना गावाला जायचं असतं. मॅनेजमेंट दरवर्षी नाही म्हणते. कोणीच पुढे होईना. नेभळट लोक. शेवटी माझ्याकडे बघायला लागले. क्वालिटीचा माणूस म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे. घेतलं अंगावर.

१३ जानेवारी, मंगळवार

सगळ्या लाइन फिरून सह्या घेतल्या. पहिली सही माझी, ठळक. अर्ज एचआरच्या गणराजकडे दिला. कालचं पोरगं, गळ्यात आयकार्ड, तोंडात च्युइंगगम. म्हणाला, बदली कुठला गुरुवार देणार ते लिहा. मी म्हटलं, ते कंपनीने ठरवावं, आमचा कुठल्याच गुरुवारला विरोध नाही. हे वाक्य मी त्याच्यासमोर अर्जात स्वतःच्या हाताने घातलं. त्याने दोनदा वाचलं. सर, नक्की का, असं विचारलं. या पिढीला मोठं मन म्हणजे काय ते दाखवावं लागतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मंजूर! बोर्डावर नोटीस लागली. बोर्डापुढे एवढी झुंबड की जवळ जाता आलं नाही. गरजही नव्हती, लोकच मला शोधत आले. पेढे वाटले. साखर पोत्याने, खवा नावाला. पण भावना चांगली होती. असेंब्लीतला एकजण म्हणाला, भावा, पुढच्या वेळी युनियनला तूच उभा राहा. विचार करायला हरकत नाही.

घरी विजयश्रीला सांगितलं, ट्रिपहून येऊन वर दोन दिवस आराम. हे फक्त प्लॅनिंगने होतं.

१७ जानेवारी, शनिवार

नोटीस वाचली. रविवार २५ सुट्टी. त्याच्या बदली गुरुवार २२ वर्किंग.

या नोटिसांचा फॉन्ट फार लहान ठेवतात.

१८ जानेवारी, रविवार

गणराजला भेटलो. म्हटलं, मला २२ ला रजा हवी. म्हणाला, सर, तुमच्या सहीखाली सगळ्यांच्या सह्या आहेत, तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. म्हटलं, मग मी आजारी पडतो. म्हणाला, आधी कळवून आजारी पडता येत नाही. हसला. च्युइंगगम दिसलं. ओकारी आली.

मालकीणबाईंना फोन केला. २५-२६ ला सरकवा म्हटलं. त्या दिवशी जोडून सुट्टी आहे, सगळं फुल आहे म्हणाल्या. ॲडव्हान्सचं विचारलं. म्हणाल्या, भाऊ, अट तुम्हीच मला वाचून दाखवलीत. शेवटी ज्या कोकणात एवढी तोंड चालवणारी माणसं, तिथे समुद्र तरी किती बरा असणार.

१९ जानेवारी, सोमवार

घरी सांगितलं. बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं: कंपनीचं राजकारण, माझी जबाबदारी, मे महिन्यात नक्की जाऊ. मे महिना ऐकल्यावर विजयश्रीचं लाटणं थांबलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, माझं उत्तर तयार होतं. ती म्हणाली, तुम्ही कामाला जा, आम्ही जाऊन येतो. मी संक्रांतीला दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलीत, आता मी थांबणार नाही.

वजीरला खाली गाठलं. मला वाटलं, पुरुषासारखा पुरुष, माझी बाजू घेईल. तो म्हणाला, व्हय, गाडी तर तयारच हाय, वहिनींना घेऊन जातो की.

वर येऊन मी म्हटलं, सगळं प्लॅनिंग माझ्या डोक्यात आहे, माझ्याशिवाय जमणार कसं. स्वरूपाने विचारलं, डोक्यात नेमकं काय आहे? मालकीणबाईंचा नंबर तर फोनमध्ये आहे.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२१ जानेवारी, बुधवार

फर्स्ट शिफ्ट करून धावत घरी आलो, तर गाडी दारात उभी आणि सगळे बसलेले. सूचना दिल्या. बाहेर काही खायचं नाही, तेल घाणेरडं असतं, धपाटे आहेत. शहाळी दिसली तरी थांबायचं नाही. विजयश्रीच्या पायात नवीन चपला होत्या. म्हटलं, वाळूत खराब होतील. म्हणाली, होऊ देत. हीनाने खिडकीतून हात हलवला. गेले.

वर आलो तर धपाट्यांचा डबा ओट्यावरच. इतक्या वेळा सांगूनसुद्धा विसरले. या घरात एक गोष्ट धड होत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

कामावर. दोन्ही वेळा धपाटे.

लाइनवर अर्धी माणसं गायब. ज्यांनी सह्या केल्या, पेढे वाटले, ते आजच गावाला निघून गेले, म्हणजे सोमवारपर्यंत पाच दिवस जोडून. गणराज म्हणाला, एकेकाला फोन केला, सगळ्यांचं पोट बिघडलंय. आधी कळवलं नव्हतं, त्यामुळे चालतं. या लोकांसाठी मी झिजलो! त्यांच्या जागी पॅकिंगला मला उभं केलं.

चहाच्या सुट्टीत स्वरूपाचं स्टेटस बघितलं. विजयश्री पाण्यात उभी, साडी पोटऱ्यांपर्यंत धरलेली, कोणाकडे तरी बघून खदाखदा हसतेय. असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. बघितलं असेल, आठवत नाही. पुढचा फोटो सुरमईच्या थाळ्यांचा. तो पटकन पुढे सरकवला.

२५ जानेवारी, रविवार

माझी सुट्टी. मी मिळवलेली. सकाळपासून घरात बसलोय, कंटाळा आला.

विजयश्रीने सांगितलं की थाळ्या, शहाळी, सगळं धरून ट्रिप बजेटमध्ये बसली, उलट थोडे उरले. मी म्हटलं, बघ, याला प्लॅनिंग म्हणतात. ती म्हणाली, एक माणूस कमी होता ना. हे ती टोमण्याने म्हणाली नाही, हिशोब म्हणूनच म्हणाली.

दुपारी हीना आली. दोघींनी बसून पुढची ट्रिप ठरवली, मार्चमध्ये, तिथेच. मला चहा करायला सांगितला. चहा घेऊन गेलो तर विजयश्री म्हणाली, बुकिंगचं तुम्हीच बघा, तुम्हाला भाव करता येतो. हीनाही म्हणाली, भाईजान बोलले की बाई लगेच कमी करतात. खरं सांगायचं तर छाती भरून आली. कदर व्हायला वेळ लागतो, पण होते. लगेच फोन हातात घेतला आणि विचारलं, माणसं किती सांगू? पाच, वजीर धरून. मी मनात मोजली. दोघी, दोन मुली, वजीर. परत मोजली.

गाडी सात सीटची आहे, असं मी सहज म्हणून पाहिलं. हीना म्हणाली, हां, मागे सामान राहील.

मग वार विचारला. विजयश्री म्हणाली, रविवार. मी म्हटलं, रविवारी रेट जास्त पडतो. ती म्हणाली, पडू दे, रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

मी मालकीणबाईंना फोन लावला.