फॅमिली सॉना, तिघांसाठी

९ जानेवारी १९९४, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प नऊ तारखेला करतोय, पण संकल्पाचं वजन बघता उशीर माफ आहे. ईस्टरला फॅमिली हॉलिडे. मी, सुप्रभा, शिल्पा. ब्रायटन नाही. मित्राच्या, जयंतच्या कॅरॅव्हानमध्ये तर नाहीच. उत्तरेकडचं एखादं छान शहर, चार दिवस, आणि स्पा असलेलं हॉटेल.

स्पा का, तर सुप्रभासाठी. सात-आठ वर्षांपूर्वी टीव्हीवर बर्फात, उघड्यावर, गरम पाण्यात बसलेली माणसं दाखवली होती. सुप्रभा इस्त्री करत होती. म्हणाली, असं एकदा बसावं आणि कुणी हाक मारू नये. मी तेव्हा चहा मागितला होता. पण वाक्य लक्षात आहे. कोण म्हणतं मी ऐकत नाही?

ती सप्टेंबरपासून लेस्टरला आहे, मी इथे वॉटफर्डला. तिथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत वरची पोस्ट मिळाली. शिल्पाही तिकडच्याच शाळेत. तात्पुरतं आहे सगळं. जाताना सुप्रभाने शिलाई मशीन नेलं, मसाल्याचा डबा नेला, देव्हाऱ्यातले देव नेले. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओकंबोकं वाटू नये म्हणून. समंजस बाई.

११ जानेवारी

लंच टाइममध्ये हाय स्ट्रीटवरच्या ट्रॅव्हल एजंटकडे. काउंटरवर लोरेन नावाची मुलगी. मी म्हटलं, फॅमिली-फ्रेंडली स्पा हॉटेल पाहिजे, नॉर्डिक सिटीमध्ये. तिने उन्हातल्या टेनेरीफ बेटाचं ब्रोशर काढलं. मी सांगितलं, मी कौन्सिलच्या हायवेज डिपार्टमेंटमध्ये ट्रॅफिक सिग्नलचं प्लॅनिंग करतो, मला नेमकं लागतं. ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. शेवटी कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असे तीन गठ्ठे मिळाले.

ऑफिसमध्ये सगळ्यांना ब्रोशर दाखवली. दुपारचं काम राहिलं. उद्या लवकर जाईन.

१२ जानेवारी

लवकर गेलो नाही.

१६ जानेवारी, रविवार

लेस्टरला फोन. सुप्रभाला बेत सांगितला.  ती म्हणाली, अहो, आपण यावर बोललोय. म्हणजे पुन्हा बोलायची गरज नाही. उत्तम. मी विचारलं, तुला स्टीम रूम आवडेल का सॉना? ती म्हणाली, शिल्पाला देते.

शिल्पा म्हणाली, बाबा, मला स्नो बघायचा आहे, खरा वाला. तिला जानेवारीत तेरावं लागलं. आठवड्यातून एकदा फोनवर मराठी सुधारून घेतो. आज ती म्हणाली, माझा नवीन शाळा मोठा आहे. मी म्हटलं, माझी शाळा मोठी. ती म्हणाली, तुझी नाही, माझा.

२२ जानेवारी, शनिवार

जयंतबरोबर वेम्बलीला. ईलिंग रोडवर भाजी घेता घेता त्याला हॉटेलांबद्दल सांगत होतो. कोपनहेगनचं हॉटेल बाद: स्पामध्ये सोळाच्या आतल्यांना प्रवेश नाही आणि वर लिहिलंय फॅमिली वेलकम. फॅमिलीने काय मुलांना क्लोकरूममध्ये ठेवायचं? स्टॉकहोमचं चांगलं आहे, पण फोटोत पाण्यात बसलेल्या सगळ्यांच्या हातात वाइनचे ग्लास. सुप्रभाला रुचणार नाही.

जयंत कार्ल्याची पिशवी धरून ऐकत होता. म्हणाला, श्रीनिवास, हॉटेलला इतके प्रश्न विचारतोस, तिला एक विचारलास का? मी म्हटलं, कुठला? तो म्हणाला, जाऊ दे. तीस वर्षांचा मित्र, पण प्लॅनिंगची दृष्टी नाही.

२७ जानेवारी

ऑफिसातून हेलसिंकीच्या हॉटेलला फोन केला. मुलगी फार नम्र. मी विचारलं, सॉनामध्ये स्विमिंग कॉस्च्यूम चालतो का. ती म्हणाली, चालत नाही. मी म्हटलं, आम्ही वॉटफर्डचे आहोत. ती म्हणाली, आय अंडरस्टँड. मग तिने तोडगा काढला. खासगी फॅमिली सॉना बुक करता येतो, तासभर, आत दुसरं कुणी नाही, जे घालायचं ते घाला. असं पाहिजे! हेलसिंकी पक्कं.

बॉसने विचारलं, फिनलंडला फोन कशाला. मी म्हटलं, त्यांचे सिग्नल बर्फात कसे चालतात ते बघतोय. त्यावर रिपोर्ट मागितलाय.

१९ फेब्रुवारी, शनिवार

शिल्पाची हाफ-टर्मची सुट्टी संपायच्या आत लेस्टरला गेलो. एम वन हायवे तुंबलेला, पण मन प्रसन्न. सुप्रभाचा फ्लॅट बेलग्रेव्ह रोडच्या मागे. नवे पडदे, पिवळे. आपल्या घरी मला पिवळा चालत नाही, म्हणून तिने हौस तिथे भागवून घेतली असावी. खिडकीत तुळस. भाड्याच्या जागेत इतकं कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, भाड्याची नाहीये, घेतली मी.

गुंतवणूक म्हणून चांगलंच आहे.

जेवणं झाल्यावर ब्रोशर पसरलं. शिल्पा शेजारच्या मैत्रिणीकडे गेली होती. सुप्रभाने ब्रोशर मिटलं आणि त्यावर हात ठेवला. म्हणाली, अहो, मी परत येणार नाहीये. सप्टेंबरमध्ये सांगितलं, दिवाळीत सांगितलं. ओरडून सांगत नाही म्हणून तुम्हाला ते खरं वाटत नाही का? मी म्हटलं, एप्रिलपर्यंत बराच वेळ आहे. ती म्हणाली, मी बोलते ते तुम्हाला ऐकूच येत नाही.

ती दमलीय. फार्मसीचं काम जोखमीचं. आणि चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता, हे महत्त्वाचं. राग असता तर काळजी केली असती.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम. सुप्रभाच्या आन्सरफोनवर तसा निरोप ठेवला.

१ मार्च

लोरेनकडे बुकिंग. फॅमिली रूम, फॅमिली सॉना. लोरेनने विचारलं, तिघेही नक्की ना? मी म्हटलं, फॅमिली म्हणजे काय असतं मग? ती म्हणाली, हल्ली सगळ्या टाइपच्या असतात. तरुण मुलगी आहे, शिकेल.

१२ मार्च, शनिवार

सुप्रभासाठी स्विमिंग कॉस्च्यूम घेतला. गडद निळा, सोज्वळ. दुकानातल्या बाईने साइज विचारला. मी लग्नातल्या अल्बमचा अंदाज घेऊन सांगितला. स्वतः न्यायला लेस्टरला गेलो, कारण पोस्टाचा भरवसा नाही.

तिने कागद सोडला, कॉस्च्यूम हातात धरून खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, रंग आवडला. म्हणाली, हा शिल्पालाही होणार नाही. मी म्हटलं, बदलून आणतो, तुझा साइज सांग. ती म्हणाली, आता नको. कॉस्च्यूम पुन्हा होता तसा कागदात गुंडाळला, आणि गुंडाळताना डोळे पुसले.

परतताना हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये गाडी थांबवून कॉफी घेतली. डोळे का पुसले असतील यावर विचार केला. निष्कर्ष: बऱ्याच वर्षांनी मी तिला स्वतः जाऊन काही आणलं. हेलावली.

२५ मार्च

जयंतचा फोन. म्हणाला, सुप्रभाने त्याच्या बायकोला सांगितलंय, ती एअरपोर्टवर फक्त शिल्पाला सोडायला येणार आहे. श्रीनिवास, निदान मनाची तयारी ठेव. मी म्हटलं, बायका बायकांशी बोलताना वाढवून बोलतात.

दोन बॅगा भरल्या. एक रिकामी ठेवलीय, सुप्रभाला ऐनवेळी लागली तर.

३१ मार्च, गुरुवार. हीथ्रो आणि नंतर विमानात

सुप्रभा आली! पिवळ्या बॉर्डरची साडी, वर कोट, हातात मोठी बॅग. मी चेक-इनच्या मुलीला सांगितलं, दॅट इज माय वाइफ. मुलगी म्हणाली, लव्हली.

बॅग शिल्पाची होती.

सुप्रभाने शिल्पाचा मफलर नीट केला. माझ्या हातात डबा दिला, दशम्या आणि दाण्याची चटणी, तिकडे तुम्हाला काही खाता नाही आलं तर. मी तिकीट पुढे केलं. म्हटलं, पासपोर्ट पर्समध्येच असतो ना तुझा? लोक मागे उभे होते. ती अगदी हळू म्हणाली, श्रीनिवास, मुलीसमोर नको. अठरा वर्षांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

मग म्हणाली, जपून जा दोघं.

विमानात मधली सीट रिकामी. शिल्पाने त्यावर पुस्तकं ठेवली. मी म्हटलं, आई बहुतेक उद्याच्या फ्लाइटने येईल. शिल्पा खिडकीतून बघत राहिली.

१ एप्रिल, हेलसिंकी

समुद्र गोठलेला. खराखुरा समुद्र, आणि त्यावरून माणसं कुत्री फिरवतायत. शिल्पाने खिशात बर्फ भरून घेतला. तिला हसताना बघून बरं वाटलं. ट्राममधून हिंडलो. सिग्नलही पाहिले, रिपोर्टसाठी. बर्फात चालतात.

रिसेप्शनवर दोनदा विचारलं, मिसेस सबनीस यांचा काही निरोप? नाही.

२ एप्रिल

फॅमिली सॉनाचा दिवस. जिना उतरून गेलो. बाहेर बाकावर दुमडून ठेवलेले तीन पांढरे टॉवेल, शेजारी पाण्याची लाकडी बादली. शिल्पाने दारातून आत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, नो वे. मी म्हटलं, अगं, कॉस्च्यूम घालायचाच आहे, मी खास विचारून घेतलंय. ती लाल झाली. म्हणाली, तू आणि मी, छोट्या कपाटात? आई असती तर वेगळं होतं.

तिथली एक आजीबाई हसली. खुणेने म्हणाली, बायकांचा सॉना पलीकडे, मी नेते. शिल्पा तिच्याबरोबर गेली. मागे वळून बघितलंही नाही.

तास माझ्या नावावर होता. तेव्हा आत गेलो. पायऱ्यांसारखी फळकुटं, दगडांची शेगडी. वरच्या पायरीवर बसवेना, खालच्या पायरीवर बसलो. दगडांवर पाणी टाकलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी हाक मारावी असं कुणी नाही, आणि मला हाक मारायलाही कुणी नाही. सुप्रभा हेच मागत होती का? घाम आला. डोळ्यांतूनही येतो सॉनामध्ये. फिनिश लोकांना माहीत असणार.

बाहेर आलो तर शिल्पा गुलाबी होऊन ज्यूस पीत बसलेली. भरभर सांगत होती. आतमध्ये सगळ्या बायका नुसत्या बसतात बाबा, कोणी कोणाला काही सांगत नाही, काही मागत नाही, आईला इतका आवडेल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तिला घेऊन येऊ. तिने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, नाही बाबा. मी घेऊन येईन तिला. मी मोठा झाल्यावर. फक्त आम्ही दोघी.

मी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

थोड्या वेळाने तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, बाबा, ती फॉर-एव्हर गेलीय. तिने तुला किचनमध्ये सांगितलं तेव्हा मी जिन्यावर होते. तू ओके म्हणालास. आणि मग विचारलंस, जेवायला काय आहे.

३ एप्रिल, ईस्टर

चर्चच्या घंटा. बर्फ. शिल्पाबरोबर पत्ते खेळलो. ती जिंकली. लिहिण्यासारखं काही नाही.

४ एप्रिल

परत. सुप्रभा एअरपोर्टवर शिल्पाला न्यायला आली होती. कशी झाली ट्रिप, तिने विचारलं. मी म्हटलं, चांगली. शिल्पाने मला मिठी मारली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग दोघी लेस्टरच्या बसकडे गेल्या. आज मी मागून काही सांगितलं नाही.

१० एप्रिल, रविवार

सप्टेंबरपासून टोस्ट, बेक्ड बीन्स आणि जयंतकडचे डबे यांवर भागवलं. स्वयंपाक कशाला शिकायचा, ती येणारच होती.

आज लेस्टरला फोन केला. सुप्रभानेच उचलला. तिचा आवाज सावध झाला, आता काय, असा. मी विचारलं, एका माणसाला डाळ किती लावायची?

पलीकडे  एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, अर्धी वाटी. पाणी दुपटीपेक्षा थोडं जास्त. हळद आधी घाला. मी म्हटलं, कुठली वाटी? ती म्हणाली, कुठलीही. आता तुमची तुम्ही ठरवा.

बरं म्हटलं. ती म्हणाली, नीट शिजू द्या. आणि ठेवला.

डाळ शिजली. मिठाचं विचारायचं राहिलं. पुन्हा फोन केला नाही.