दाराचा टब

६ जाने. ८५, रवि.
आजही ह्यांनी आंघोळीला नाही म्हटलं. शेजारचे दोघं आणि दीर उचलायला आले होते, तसेच परत गेले. "मी मेलो का, चौघांनी उचलाले?" तोंड भिंतीकडे. मागच्या उन्हाळ्यात छपराची कवेलू फेरताना वरून पडले, तेव्हापासून कमरेखाली काहीच कळत नाही. ट्रक चालवणारा माणूस, वर्धा नदीच्या डोहात तासन्‌तास पडून राहणारा.
ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. डोळे मिटून होते.

९ जाने.
स्वतःहून बोलले. नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी एक टब पाहिला होता, बाजूला दार असलेला. सरकत आत जायचं, दार लावायचं, मग पाणी भरायचं. "कोनी उचलाले नाई लागत, वच्छे." पेन्सिल मागितली. चित्र काढलं, दाराचा उंबरा बरोबर खाटेच्या उंचीवर. पडल्यापासून कशासाठी हात पुढे केला नव्हता.

१२ जाने., शनि.
शाळेत शिकवून झाल्यावर बसनं भद्रावतीहून चंद्रपूर. युसुफभाई, कूलर आणि पत्र्याच्या कोठ्या बनवतात. चित्र उलटंसुलटं पाहिलं. "दारवाली टंकी कभी बनाई नाई भाभी. पानी गळेल ना." ह्यांनी सांगितलेलं सांगितलं, दाराला ट्रकच्या ट्यूबचं रबर लावा. हसले. "डायवर है क्या?"
मी हो म्हणाले. होते म्हणायला हवं होतं का...
माप घेऊन या, युसुफभाई म्हणाले.

१३ जाने.
उशा लावून बसवलं, सुतळीनं माप. काखेपर्यंत इतकं, रुंदी इतकी. "लांबीले मोठा ठेव, पाय पसराले पाह्यजे." म्हणाले आणि पायांकडे पाहत राहिले. मी सुतळीला गाठ मारली.
दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

२० जाने., रवि.
टब तयार. बसच्या टपावर घेणार नाहीत. बारसागडेभाऊ आले होते, ह्यांचे ट्रकवरचे जोडीदार. उद्या चंद्रपूरहून खत घेऊन जिवतीला जाणार. परतताना दुकान बंद झालेलं असेल, म्हणून टब आधीच चढवून घेतील. "परवा सांजेलोक टब घरी, वहिनी." ह्यांनी त्यांना दोनदा सांगितलं, दोरी दाराले नको बांधजो, पत्रा वाकते.

२२ जाने.
आले नाहीत. ह्यांनी खाट दारापाशी ओढायला लावली. रस्त्यावर ट्रक वाजला की मी उठते. "बस तू. हे त्याची गाडी नोहे."
दिवे लागले तरी खाट आत घेऊ दिली नाही.

२३ जाने.
एका ड्रायव्हरजवळ निरोप. जिवतीच्या घाटात एक्सेल तुटला. सामान नागपूरहून येणार. सगळे बरे आहेत, टबही. हे म्हणाले, "गाडी सोडून तो नाई येणार. मी बी नसतो आलो."

२४ जाने., गुरु.
चादर बदलताना डाग दिसला. कुशीवर वळवलं. पाठीखाली, माकडहाडापाशी, तळहाताएवढी कातडी गेलेली. परवा नुसती लाल होती. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. "काऊन थांबली? काय झालं?" खरचटलं म्हटलं.
डॉक्टर घरी येऊन गेले. दाराबाहेर मला म्हणाले, जखम खोल आहे. भरेपर्यंत पाण्यात बसवायचं नाही, अजिबात नाही. किती दिवस विचारलं. पाहू म्हणाले.
मी आत आले तर हे म्हणतात, टब आला की त्याच्याखाली दगडं कुठी ठेवायची, सांडपाण्याला उतार कुठल्या बाजूनं काढायचा. मी हो हो म्हणत होते.

२७ जाने., रवि.
टब आला.
पुढच्या दारातून जाईना. मागची काट्यांची कुपाटी काढून अंगणात आणला. ह्यांची खाट बाहेर काढली. दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. रबरावरून बोट फिरवलं. "युसुफभाईनं चांगला बनवला." बारसागडेभाऊ कितीतरी दिवसांत असे खूश दिसले नव्हते.
मग मला: "पानी तापव."
डॉक्टरांचं म्हणणं सांगावंच लागलं. भाऊ गाडी पाहून येतो म्हणून बाहेर गेले.
"कवापासून मालूम होतं तुले?"
"गुरुवारपासून."
चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मले घरात घे."

३० जाने.
ताप. काल रात्रीपासून थंडी वाजते. जखमेला वास. डॉक्टर म्हणाले, नागपूर, उशीर नको. बारसागडेभाऊ जीप पाहून राहिले आहेत. शाळेत रजेचा अर्ज दिला. मोठ्या बाईंनी विचारलं, तर तिथेच रडू आलं. इतके महिने आलं नव्हतं.

३१ जाने.
सकाळी ताप थोडा उतरला. "भरून तर पाहाय, गळते का." जीपला अवकाश होता. दोन गुंड पाणी तापवलं, बाकी विहिरीचं. खाट अंगणात आणून टबाला लावली, ह्यांना आडवंच ठेवून. दार लावून भरला. गळला नाही. एक थेंबही नाही. ह्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि तसाच राहू दिला. मी त्याच पाण्यानं त्यांचे केस धुतले, मान, कानामागं. डोळे मिटून म्हणाले, "अजून घाल."
बरंच घातलं.
नंतर मी पाणी सोडायला वाकले तर, "राहू दे. आल्यावर पाहू."
मी बूच तसंच ठेवलं.
जीप आली. शेजारच्या शांताबाईंना किल्ली दिली. त्यांनी विचारलं, "किती दिवस लागन व?" मी त्यांना टबातलं पाणी सोडू नका म्हटलं. भाऊ हॉर्न वाजवत नव्हते, जीपपाशी नुसते उभे होते.