उणे नव्व्याण्णव

२ फेब्रुवारी

आलो बाई एकदाच्या! सामान अजून खोक्यांतच आहे. चहाचं पातेलं सापडलं पण गाळणं सापडेना, म्हणून ताईने रुमालातून चहा गाळला आणि दोघी खिडकीत बसून प्यायलो. बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, नोकरी खालच्या. उशीर झाला तर सबब सांगायची सोयच ठेवली नाही.

अंध वाचकांसाठी बोलती पुस्तकं करणारी ही संस्था. पुस्तकं वाचून दाखवणाऱ्यांचे आवाज मुद्रित करायचे, चुका कापायच्या, साफसूफ करायची, हे माझं काम. संचालिकाबाई साठीच्या, शांत, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी एकच नियम सांगितला. इथली मशिनं जुनी, आवाज कधी पळतो कधी रेंगाळतो. तेव्हा मशिनचं सेटिंग दुरुस्त करायचं, माणसाच्या आवाजाची गती बदलायची नाही. मी मान डोलावली. बारा वर्षं हेच करतेय, मला काय शिकवता, असं मनात म्हटलं.

ताई बरोबर आली याचाच जास्त आनंद. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची आणि ती अठराची. माझ्या वेण्या घालता घालता तिचं स्वतःचं सगळं राहूनच गेलं. आता तिने आरामात बसायचं आणि मी राबायचं, असं मी ठरवलंय.

४ फेब्रुवारी

बाईंना ताईचा आवाज फार आवडला. चाचणी घे म्हणाल्या. ताईने आधी आढेवेढे घेतले आणि मग ठेवणीतले कपडे घालून माइकसमोर बसली. अगं, आवाजात कपडे दिसत नाहीत, म्हटलं, तर डोळे वटारले. कुंडीतल्या गुलाबांची निगा कशी राखावी हा लेख तिने दहा मिनिटं वाचला, एकदाही न अडखळता.

ऐकायला लावला तर नऊ मिनिटं अकरा सेकंदांत खलास! ताई पोपटासारखी चिवचिवत होती, आम्ही पोट धरधरून हसलो. कारण मला लगेच कळलं. आवाज घेताना सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे घेतले होते आणि ऐकवताना मशीन अठ्ठेचाळीस हजारांच्या वेगाने धावत होतं. सेटिंग बदलायचं तर सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. कोण करतंय! मी आवाजच ताणून दहा मिनिटांचा केला. हे सॉफ्टवेअर बदल थेट मूळ फाइलवर लिहितं हे नंतर लक्षात आलं. दुसरी प्रत ठेवली नव्हती. असो.

७ फेब्रुवारी

ताईला इथली हवा मानवलेली दिसत नाही. जिने चढायला वेळ लागतो, हाक मारली की जरा थांबून वळते. तुझी गोगलगाय झाली म्हणून चिडवलं. ती म्हणाली की तीच मुळी मला विचारणार होती, अशी वाऱ्यावर स्वार होऊन का वावरतेस, तुझं निम्मं बोलणं कळतच नाही.

९ फेब्रुवारी

आज बाईंनी मशिनचं सेटिंग दुरुस्त केलं. ताईची फाइल लावली तर दहा मिनिटं त्रेपन्न सेकंद. साहजिक आहे, मीच ताणून ठेवलीय.

पण ताईची नाडी रोज बहात्तर असते, रक्तदाबामुळे वर्षानुवर्षं मीच मोजते. सकाळी सहासष्ट भरली. पुन्हा मोजली, सहासष्टच. कागदावर गणित मांडलं. फाइल जितकी ताणली तितकीच ताई ताणली गेली आहे, अगदी सेकंदाला सेकंद.

हे लिहितानासुद्धा हसू येतंय. हसू कसलं, आत्ता उठून पुन्हा नाडी मोजून आले. बाईंना सांगायला तोंड नाही. उद्या लॅपटॉप वर आणते आणि फाइल गुपचूप पूर्ववत करते.

११ फेब्रुवारी

मी काय केलं हे!

काल धीर झाला नाही, आज दुपारी बसले. गतीच्या रकान्यात १०८ लिहिलं. आत्ताच्या गतीच्या एकशे आठ टक्के, असं माझ्या डोक्यात. पण त्या रकान्यात किती *वाढवायचं* तेवढाच आकडा लिहायचा असतो! ताई दुपटीने सुटली. नाडी एकशे सदतीस. बोलणं चिरकं, हात लटपटत, डोळे भिरभिरत. छातीत धडधडतंय, थांबव, थांबव, म्हणत माझ्या दंडाला लोंबकळली. मी गतीची पट्टी डावीकडे ओढायला लागले, तिने हाताला हिसका दिला, पट्टी थेट टोकाला गेली, आणि दुसऱ्या हाताने मी बटण दाबलेलं होतं—

उणे नव्व्याण्णव.

ताई खोलीच्या मधोमध उभी आहे. चेहऱ्यावर सुटकेचा भाव. पापणी मिटायला लागली ती मी दहा आकडे मोजेपर्यंत मिटत होती.

१२ फेब्रुवारी

बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त भयंकर. म्हणाल्या, माझे यजमान आतल्या खोलीत आहेत. मीच केलं त्यांचं असं. अकरा वर्षं एकच वाक्य चाललंय, परवा तिसऱ्या शब्दावर आले.

पुन्हा ताणून बरोबर करू का, विचारलं. त्यांनी फाइल ऐकवली. तीनदा ओढाताण झाल्यामुळे तिच्यात भोकं पडली आहेत, मध्येच नुसती शांतता. त्या शांततेएवढा वेळ ताईचा श्वास थांबतो. आणखी एकदा हात लावलास तर भोकंच उरतील, म्हणाल्या.

म्हणजे ताईला परत आणता येणार नाही.

१३ फेब्रुवारी

ताईचे ओठ हलताहेत. फोनवर तासभर मुद्रण केलं आणि पन्नासपट वेगाने लावलं. तिचा आवाज. स्वच्छ.

चिमे, कुठे गेलीस? आत्ता होतीस की इथे. खिडकीत उजाडतं काय, मावळतं काय, हे काय चाललंय? माझ्या गालाला कोण हात लावतंय? कोण आहे? चिमे, मला भीती वाटते गं.

मी समोरच आहे. दोन दिवस समोरच बसलेय. तिला मी दिसतच नाही, तिच्यासाठी मी नुसती झुळूक.

१५ फेब्रुवारी

ठरलं. माझाही आवाज मुद्रित करायचा आणि तिच्याइतकाच मंद करायचा. दोघी एका गतीत आलो की झालं, बाकी जग गेलं उडत. बाई नको म्हणाल्या. दोघींची तोंडं कोण पुसणार, म्हणाल्या. मग, मी पुसेन, म्हणाल्या.

दहा मिनिटं वाचलं. पट्टी डाव्या टोकाला. उणे नव्व्याण्णव.

दाबते.

लॅपटॉपवर १६ फेब्रुवारी दिसतेय. नाही, १७.

दिसली! ताई दिसली! चालते आहे, वळली, मला पाहिलं, धावत आली—

पण धावत का? फार भरभर. बोलणं चिरकं, निम्मं कळत नाही. मी ‘ग’ म्हणेपर्यंत तिची दोन वाक्यं होतात.

कळलं. कर्म माझं. तिचं उणे नव्व्याण्णव दुपटीवरून. माझं साध्या गतीवरून. मी तिच्याहून निम्मी—

एवढं लिहीपर्यंत खिडकीत अंधार पडून उजाडलंही.

ताई गाल चोळते माझे. रडते. मी बोलतेय, पण माझा शब्द संपायच्या आत ती उठली.

लॅपटॉपकडे. माझी फाइल उघडीच आहे.

तिला आठवतंय. तिची छाती धडधडत होती तेव्हा मी पट्टी डावीकडे ओढली आणि तिला बरं वाटलं. तिला तेवढंच माहीत आहे. मलाही बरं वाटावं म्हणून—

बोट पट्टीवर. ओरडतेय मी, अजून ‘त’चाच आवाज निघतोय—

ताई नको, डावीक