हेब्बाळचा मंगळवार

मारतहळ्ळी, बेंगळुरू

तीर्थरूप अप्पांना दिव्यश्रीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम जोरात चाललंय. पण आपल्या दुरुस्तीच्या दुकानातला तुमचा नियम मी मोडलाय. जो आधी बोलावेल त्याच्याकडे आधी, असं करत मी हेब्बाळ, बेळ्ळंदूर, परत हेब्बाळ अशी फिरायचे. दिवसात तीनच मशीन व्हायची, बाकी वेळ ट्रॅफिकमध्ये.

आता फळ्यावर वार लिहिलेत. मंगळवारी फक्त हेब्बाळ. बिघाडाचा फोटो आधीच मागवते, म्हणजे पार्ट घरूनच नेता येतो. सहा-सात मशीन सहज होतात. जेवणही वेळेवर होतं, बहुतेक वेळा.

हेब्बाळच्या एक अक्का रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मंगळवार तर मंगळवार. पण त्या दिवशी नक्की ये."

आईचा गुडघा कसा आहे? गिऱ्हाइकांचे पंखे काढायला तुम्ही अजून शिडीवर चढता का? खरं सांगा.

दिवाळीपासून तुम्ही ये म्हणताय आणि मी नुसतं येते येते म्हणतेय. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारापुढे मी फळ्यावर आपल्या गावाचं नाव, 'गडहिंग्लज', लिहिलंय. तो दिवस कुणालाही देणार नाही. आधी तुम्हीच बोलावलं होतं.

तुमची,
दिव्या