दुसरा नमुना

बंगळूर,
१३ ऑक्टोबर २०१९

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि रजतला जय भीम. घरी सगळे बरे असाल. इथे पाऊस लांबलाय, खोलीत कपडे वाळत नाहीत आणि खानावळीतल्या सांबाराला मी अजून सरावले नाही.

पत्र वहिनीच वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढतेय. फोनवर तू "बरं हाय" म्हणतोस आणि फोन तिच्या हातात देऊन मोकळा होतोस. कागदावर तसं करता येणार नाही.

तू दर वेळी विचारतोस, "सापडलं का वं?" तर सांगते. आमचा निकेल ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो, की बोटाला जाणवणारही नाही. तो खूप खूप थंड केला की त्यातून वीज कुठल्याही अडथळ्याविना वाहावी, एवढंच आमचं मागणं. त्यासाठी थरातला थोडा ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. कमी निघाला तर काही घडत नाही, जास्त निघाला तर थरच मोडतो. मी कितीतरी मोडले.

आणि पोळ्याच्या सुमारास बातमी आली, की परदेशातल्या एका गटाला ते सापडलं. हे मी तुला सांगितलंच नाही. किसनरावांच्या ओट्यावर बसून तू सगळ्यांना सांगतोस, "आमची मैत्रेयी जगात पयली राहीन." पहिली नाही झाले, दादा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दिसल्याशिवाय त्यांचं खरं कोण मानेल? थांबू नकोस." मी थांबले नाही. धम्मचक्र दिनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, पडद्यावरची रेघ सरळ चालली होती ती एकदम खाली कोसळली, म्हणजे विजेचा अडथळा संपला. माझी सोबतीण समीक्षा ओरडलीच. मी पळत बाहेर आले आणि तुला फोन लावला.

वहिनीनं उचलला.

"दादा कुठाय?"

"वावरात गेले."

"कायले?"

"असंच," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं.

"ताई, मी सांगतलं म्हनून त्यायले सांगू नका. किसनरावच्या कपाशीवर फवारणी करून राह्यले."

वहिनी, इथे थांबू नकोस. पुढे वाच. तुला दिलेला शब्द मोडतेय, रागाव माझ्यावर.

दादा, दोन वर्षांपूर्वी फवारणीचं विष चढलं, तेव्हा यवतमाळच्या वॉर्डात तुझे हात खाटेला बांधले होते. तू मला ओळखत नव्हतास. शेजारच्या खाटेवरचे हरिसिंगकाका घरी परतलेच नाहीत. तुझा डावा डोळा तेव्हापासून धूसर. आणि तू पुन्हा पंप पाठीवर घेतलास? तोंडाला नुसता रुमाल बांधून? वहिनीला म्हणालास म्हणे, "सवय हाय मले." विषाची सवय होत नसते रे. किसनराव वाईट नाहीत, त्यांच्या कपाशीवर बोंडअळी आलीय. पण त्यांना दुसरा माणूस मिळत नाही, म्हणून तू जाणार?

त्या दुपारपासून माझं कशातच चित्त नाही. यंत्रापाशी बसते, उठते, परत बसते. एका थरावर कुणी विश्वास ठेवत नाही. तसाच दुसरा नमुना करून दाखवावा लागतो, तोही लवकर, कारण बाकीचेही याच मागे आहेत. काल सरांना सांगितलं, मी गावी जातेय.

"आता? दुसरा नमुना समीक्षानं केला, तर पेपरवर पहिलं नाव तिचं लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. म्हटलं खरं, आणि मग जिन्यात बसून रडले. मला ते नाव हवं होतं, दादा. अजूनही हवंय.

तरी तिकीट काढलंय, आणि हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय. शुक्रवारी सकाळी वर्ध्याला उतरेन, तिथून एसटीनं दुपारपर्यंत यवतमाळ. तू आणि वहिनी घाटंजीहून थेट स्टँडवर या. डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मग आपण मिळून किसनरावांकडे जाऊ. त्यांना नाही म्हणणं तुला जड जातं, तर मी म्हणेन. ते रागावले तर रागावू देत. तोवर पंपाला हात लावू नकोस.

वहिनी, एवढं दोनदा वाचून दाखव.

तुझ्या होकाराची वाट न पाहता निघालेली,
मैत्रेयी